पाटीवरचं आठवं नाव

रविवार, ७ सप्टेंबर

दुरुस्ती. स्मृतिपुस्तिकेसाठी मी जे लिहून दिलं, त्यात एक तारीख चुकली आहे. महायुद्धात पणजोबांचं विमान माघ वद्य एकादशीच्या रात्री पडलं असं मी लिहिलं. ते घरच्या तिथीवरून काढलं होतं, जुन्या पंचांगाशी ताडून. आज बंगालमधल्या त्या हवाई तळाच्या दप्तराची स्कॅन केलेली पानं पहिल्यांदा शांतपणे वाचली. विमान गेलं त्या रात्रीपुढे टाइप केलंय : पूर्ण चंद्र, आकाश स्वच्छ. वद्य एकादशीला पूर्ण चंद्र कुठून येणार? अकरा दिवसांचा फरक. तारीख काढताना माझ्याकडून गफलत झाली असणार.

रोज पाच ओळी, आणि चूक झाली तर खोडायची नाही, खाली दुरुस्ती लिहायची. हा आजोबांचा नियम. किंडरगार्टनच्या आधी अल्फारेटाच्या स्वैपाकघरातल्या टेबलाशी बसवून त्यांनी मला मराठी लिहायला शिकवलं. माझी पहिली शाळा म्हणजे तेच. पुढे लॅबमध्ये नोकरी लागली तेव्हा कळलं की तिथल्या वह्यांचाही हाच नियम आहे.

डॉरथीला ईमेल करायला हवी. तिचे वडील त्या विमानाचे पायलट. ते गेले तेव्हा ती आईच्या पोटात होती, आता ऐंशी ओलांडलीत. विमानातल्या आठही जणांच्या घरच्यांना तिनेच शोधून काढलं. मी वेस्ट विंडसरला, म्हणजे तिच्यापासून दीड तासावर राहते, हे कळल्यावर फोनवर रडली होती.

सोमवार, ८ सप्टें.

डॉरथीचं उत्तर : "हनी, अकरा दिवसांनी काय बिघडतं? पण थँक यू." तारीख बदलून घेतली.

पुस्तिकेतलं माझं पान पुन्हा वाचलं, आणखी चुका असतील म्हणून. पणजोबा वायरलेस ऑपरेटर होते, बरोबर. आजोबा तेव्हा तीन वर्षांचे, बरोबर. पणजीने तार आल्यावरही कुंकू पुसलं नाही, मरेपर्यंत त्यांची वाट पाहिली. हे आईने सांगितलेलं.

आणि शेवटचं वाक्य, जे डॉरथी नोव्हेंबरमध्ये स्मारकाच्या पाटीच्या समारंभात माझ्याकडून वाचून घेणार आहे : 'त्याच रात्री त्याच तळावरून दुसरा एक वायरलेस ऑपरेटर पळून गेला, माझ्या पणजोबांनी आपली जागा सोडली नाही.' दप्तरात दुसऱ्या सकाळची नोंद आहे : सार्जंट पिंटो बराकीत नाही, रजा नाही, फरार. मला हा कॉन्ट्रास्ट फार आवडला होता. आजोबांनाही. त्यांनी एका बोटाने टाइप करून पाठवलं होतं, "छान लिहिलंस. शेवट विशेष."

बुधवार, १०

पंचांगाचं गणित तिसऱ्यांदा केलं. दोन वेगळ्या वेबसाइट. माझी चूक नाही. त्या रात्री माघी पौर्णिमाच होती. मग घरची एकादशी आली कुठून?

श्वेता (माझी रूममेट, नागपूरची) म्हणाली, "यार केतकी, तार यायला अकरा दिवस लागले असतील. सिम्पल." पटलं. म्हणजे पटवून घेतलं.

शनिवार, १३

डॉरथीकडे. तिने मीटलोफ केला होता, माझ्यासाठी राजमा. "व्हेज आहे, मी पॅकेट दोनदा वाचलं." पाटीचा नमुना दाखवला. ब्रॉन्झची, तिच्या चर्चच्या बागेत लागणार. आठ नावं, हुद्द्याप्रमाणे. आमचं आठवं. मी बोट फिरवलं त्याच्यावरून. ती म्हणाली, "तुझे आजोबा आणि मी, आम्ही दोघं मिळून पडदा काढायचा. दोघंही बाप न पाहिलेले." त्यांचं तिकीट काढून झालंय.

६ ऑक्टोबरला, सोमवारी, मजकूर ओतकामाच्या कारखान्यात जाणार. त्यानंतर बदल नाही.

तिच्या खोक्यात एक पत्र होतं, बऱ्याच वर्षांपूर्वीचं. पिंटोच्या पुतणीचं, मेरीलँडहून. तुमच्या वडिलांनी पत्रात कधी आमच्या काकाचा उल्लेख केला होता का, एवढंच विचारलेलं. आजी शेवटपर्यंत म्हणायची, तो पळणारा नव्हता. डॉरथीने उत्तर दिलं नाही. "काय लिहिणार मी? प्रत्येकाची आई असंच म्हणते."

मी म्हणाले, "बरोबर केलंत."

सोमवार, १५

आईचा फोन, लंच ब्रेकमध्ये. घाईत होती. "पाटीलकाकू जेवायला आल्यात, सवाष्ण म्हणून. आज अविधवा नवमी ना."

"कुणासाठी?"

"अगं पणजींसाठी. दर वर्षी असतं. तू घरी असायचीस तेव्हा पुरणपोळी खायला बरी पुढे असायचीस."

"अविधवा नवमी म्हणजे नक्की कुणाची?"

"नवरा जिवंत असताना जी जाते तिची."

मग आईच थांबली. मग म्हणाली, "ते बेपत्ता होते ना गं. म्हणून तसं." मग म्हणाली कुकर झाला, ठेवते.

पुरण झाल्यावर कुकर कशाला?

मंगळवार, १६

लॅबमध्ये दोन नमुन्यांची लेबलं उलटसुलट लावली. वेळेत लक्षात आलं. कधी होत नाही असं.

कागदावर मांडून पाहिलं. पणजोबा बेपत्ता धरले, तर पणजी सवाष्ण गेली, ठीक. पण मग त्यांना तिथी असायला नको. ज्याचा दिवस माहीत नाही त्याचं सर्वपित्रीला करतात. आणि त्या रात्री गेले असं धरलं, तर तिथी पौर्णिमा हवी, आणि पणजीची नवमी चुकीची. आमच्या घरात दोन्ही आहे. एकादशी आहे आणि नवमीही आहे. दोन्ही एकदम खरं असायला एकच रस्ता उरतो. तो मी लिहीत नाही.

बुधवार, १७

आज एकादशी. आजोबांनी पणजोबांचा महालय केला, गुरुजी व्हिडिओवर. मी फोन केला तेव्हा दमलेले. "पंचवीस वर्षांपूर्वी गुरुजी घरी येऊन चुकायचे, आता तिकडे बसून चुकतात. आवाज गेला की मी म्हणतो, स्वाहा."

हसले. मला विचारता आलं नाही. शुक्रवारचं अटलांटाचं विमान बुक केलं.

शनिवार, २० सप्टें., अल्फारेटा

आज चतुर्दशी. शस्त्राने गेलेल्यांचं श्राद्ध आज असतं, लढाईत पडलेल्यांचं. आमच्या घरी आज काही नव्हतं. बटाटेवडे होते, मी आले म्हणून.

सकाळी आजोबांबरोबर कॉलनीतल्या तळ्याभोवती चक्कर. जसं बोलणं झालं तसं लिहिते.

"आजोबा, पणजोबा कधी गेले?"

"माघ वद्य एकादशी. तुला पाठ आहे."

"कोणत्या वर्षी?"

 "तिथीला कुणी वर्ष विचारतं का गं? हे कुणी शिकवलं तुला?"

"तुम्हीच."

पुढच्या बाकावर बसले. म्हणाले, "मी पंचवीसचा होतो. ते खांडव्याच्या सरकारी दवाखान्यात गेले. न्यूमोनिया. आई त्याआधी दोन वर्षं गेली होती."

खांडवा. खांडव्याचे मामा. आजोबांच्या मुंजीच्या फोटोत उजवीकडे उभे, रेडिओ दुरुस्त करायचे, दर दिवाळीला यायचे. लहानपणी मी विचारलं होतं, मामांनी मंत्र का दिला? तेव्हा उत्तर मिळालं होतं, बाप नव्हता म्हणून.

मी म्हणाले, "मामा."

"लोकांसाठी मामा. मला मुंजीच्या आदल्या दिवशी आईने सांगितलं. म्हणाली, मंत्र बापानेच द्यायचा असतो, तेवढं खोटं मी करणार नाही."

बाकीचं तुकड्यातुकड्याने सांगितलं. त्या संध्याकाळी पणजोबांना ताप होता. पिंटो म्हणाला, तू पड, मी जातो, परवा माझ्या पाळीला तू जा. अशा अदलाबदली रोजच्या होत्या, पायलटला तोंडी सांगितलं की झालं. ऑफिसातली यादी आधीच टाइप झालेली असायची. विमान परत आलं नाही. सकाळी यादीप्रमाणे पणजोबा बेपत्ता. आणि पिंटो बराकीत नाही, म्हणून पिंटो फरार.

"मग त्यांनी जाऊन सांगितलं का नाही? चार पावलांवर ऑफिस होतं!"

"मीही विचारलं होतं. ते म्हणाले, मेलेल्याला पुन्हा कुणी वर पाठवत नाही."

हे वाक्य आजोबा अगदी सहज म्हणाले. पाठ असल्यासारखं.

मी म्हणाले, "घरात सगळं खोटं, आणि श्राद्धाच्या तिथ्या तेवढ्या खऱ्या?"

"पितरांपुढे खोटं चालत नाही, बाळ. पोचत नाही ते."

"आणि माझ्यापुढे चालतं?"

मग मीच :

"तुम्ही माझं पान वाचलंत. पिंटोचं वाक्य वाचलंत. छान लिहिलंस म्हणालात."

"वाक्य छानच होतं."

रविवार, २१, विमानतळावर

दुरुस्ती. काल लिहिलं की आजोबा बाकावर बसले. बसले नव्हते. मी बसले होते. ते माझ्यासमोर काठीवर हात ठेवून उभे होते, सगळं सांगून होईपर्यंत.

काल दुपारी आईला विचारलं, तुला कधीपासून माहीत? "लग्नानंतरच्या पहिल्या पितृपक्षात. नवमीचा स्वैपाक करायचा म्हणजे सुनेला सांगावं लागतं. लेकींना सांगायची वेळच येत नाही, त्या दुसऱ्या घरी जातात." हे तिने इतक्या साधेपणाने सांगितलं, जसं काही भांड्यांच्या कपाटाची किल्ली कुठे असते ते सांगतेय.

म्हणजे कुंकवाची गोष्ट सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं ते काय होतं? विचारलं. म्हणाली, "अगं, ते खरंच होतं. जिवंत नवऱ्याची वर्षभर वाट बघायची आणि दिवाळीला त्याला 'या दादा' म्हणायचं. तू करून बघ."

 

बाबा गाडीतून सोडायला आले. अर्ध्या रस्त्यात रेडिओ बंद केला. मग : "आजोबांना लष्कराची शाळा मिळाली, हॉस्टेल मिळालं, पुढे इंजिनिअरिंगची सीट मिळाली. लढाईत गेलेल्याचा मुलगा म्हणून. त्यावर मी शिकलो, त्यावर तू. आता तू कुणाला काय सांगणार आहेस?"

"पाटीवर चुकीचं नाव जातंय, बाबा."

"ऐंशी वर्षं चुकीचंच होतं."

"तेव्हा मी लिहिलं नव्हतं."

"मग ते वाक्य काढून टाक. प्रॉब्लेम सॉल्व्ह्ड."

सगळ्यांना माहीत होतं. घरात एकच माणूस फसत होता, आणि त्याच माणसाला पान लिहायला बसवलं.

मंगळवार, २३

'फसत होता' हे रविवारी रागात लिहिलं. आज पुन्हा वाचलं. तसंच ठेवते.

बाबांनी सांगितलं ते करून पाहिलं. ते एक वाक्य काढलं. पान आणखी वाईट झालं. आधी पिंटो निदान पळून गेलेला होता, आता तो कुठेच नाही.

श्वेताला सांगितलं. तिने फ्रीजमधलं दही काढून माझ्यापुढे ठेवलं, का कोण जाणे. म्हणाली, "पणजोबांना डरपोक म्हणू नकोस हं. ताप होता, स्वॅप केला, आपणही शिफ्ट स्वॅप करतो."

मी म्हणाले, "त्या रात्री नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी झाले."

"आणि आजोबा?"

लॅबचं काम आहे म्हणून उठले. काम नव्हतं.

गुरुवार, २५

आजोबांचा फोन. आधी हवामान. मग : "माझं ऐकशील? मी असेपर्यंत थांब. माझे दिवस झाले की कर काय ते. नवी पाटी लाव हवी तर."

"आणि नोव्हेंबरमध्ये तुम्ही येणार? डॉरथीच्या शेजारी उभे राहून पडदा काढणार?"

"तिकीट तिने काढलंय. नको कसं म्हणणार?"

"आजोबा, तिला वाटतं तुम्हीही बाप पाहिला नाहीत."

"वर्षातून तीन दिवस पाहिला. तोही मामा म्हणून. त्याला पाहिलं म्हणतात का, तू सांग."

रडत होते की खोकत होते, कळलं नाही. मला वाईट वाटलं आणि वाईट वाटल्याचा रागही आला. हेच करतात ते. लहानपणी उत्तर चुकलं की म्हणायचे, "सांगतो, पण आधी पाणी आण." पाणी आणेपर्यंत मी प्रश्न विसरायचे.

शनिवार, २७

डॉरथीने पाटीचं अंतिम प्रूफ पाठवलं. "एक एक अक्षर तपास. तुझ्यासारखी नजर माझ्याकडे नाही." सगळी स्पेलिंग बरोबर. आमचं आडनावही, जे इथे कुणालाच जमत नाही. तिने ते दोनदा माझ्याकडून वदवून घेतलं होतं.

उत्तर लिहिलं नाही.

माझ्याकडे पुरावा काय आहे, हे आज नीट पाहिलं. दप्तर म्हणतं पणजोबा विमानात. दप्तर म्हणतं पिंटो फरार. घरच्या तिथ्या म्हणजे डॉरथीच्या दृष्टीने काय? ब्रॉन्झ ओतणाऱ्याला मी अविधवा नवमी समजावून सांगू? पणजोबा खांडव्याला दुसऱ्या नावाने राहिले, तिथली कागदपत्रंही त्याच नावाने. राहिले आजोबा. पिंटो त्या विमानात होता, हे सांगू शकणारा जगात एकच माणूस जिवंत आहे. तो चौऱ्याऐंशी वर्षांचा आहे, त्याला खोकला आहे, आणि तो म्हणतोय की मी गेल्यावर कर. तो गेल्यावर करण्यासारखं काही उरतच नाही. त्यांना हे माहीत असणार. त्यांनीच मला तर्कशास्त्र शिकवलं.

की त्यांच्या लक्षात आलं नसेल? नाही. आलं असणार.

सोमवार, २९

पुतणीचा पत्ता मला पाठ झालाय, न ठरवता. ती असेल का अजून?

बाबांचा मेसेज : आजोबा जेवत नाहीत नीट. आईचा मेसेज : तुझ्यामुळे नाही, दाढेमुळे. दोघांपैकी कुणावर विश्वास ठेवायचा, हे आता ठरवता येत नाही. साध्या दाढेच्या बाबतीतसुद्धा. हे माझं सगळ्यात मोठं नुकसान आहे बहुतेक.

गुरुवार, २ ऑक्टोबर, दसरा

नमस्कार करायला घरी फोन. आईने उचलला, आजोबांना दिला. "सोनं घे, सोन्यासारखी रहा," म्हणाले.  ठेवायची वेळ झाली तेव्हा मी बोलले. आधी लिहून ठेवलं होतं, ते वाचलं.

"आजोबा, परवा शनिवारी मी डॉरथीकडे जाणार आहे. सकाळी अकरा वाजता. तिला पानावरचं ते वाक्य दाखवून सांगणार, की हे खोटं आहे आणि हे मी लिहिलंय. मग फोन तिच्या टेबलावर ठेवून तुम्हाला लावणार. तुम्ही तिला पिंटोचं सांगायचं. इंग्रजीत, मराठीत, कसंही, मी भाषांतर करेन."

"मला आधीच कशाला सांगतेस?"

"तुम्ही मला सांगितलं नव्हतं म्हणून."

"आणि मी फोन उचलला नाही तर?"

"तर मी तिला सांगेन की उचलला नाही."

मागून आई विचारत होती, काय म्हणतेय ती, काय म्हणतेय. त्यांनी तिला काही सांगितलं नाही. फोनही ठेवला नाही. म्हणाले, "त्याचं नाव विल्फ्रेड. विल्फ्रेड पिंटो. दप्तरात नुसतं आद्याक्षर असेल."

नुसतं आद्याक्षरच आहे. मी त्यांना ते कधी सांगितलं नव्हतं.

"हे तुम्ही शनिवारी सांगाल?"

"शनिवार म्हणजे चार तारीख ना?"

"चार."

"दाढेची अपॉइंटमेंट आहे मला शनिवारी. साडेअकराची," आणि फोन आईकडे दिला.

शनिवार, ४ ऑक्टोबर. सकाळी अकरा. डॉरथीच्या दारात.